पाणी उपसावे की वाळू भरावी? आल्मेरे आणि आयबुर्ख

नगररचना शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीपुढे पेच आहे: पाण्यात निसर्ग सांभाळणारे शहर वसवायचे, तर बांध घालून तळ कोरडा करावा की भराव टाकून बेट उभारावे? नेदरलँड्समध्ये हे दोन्ही नमुने एकमेकांच्या जवळ आहेत: कोरड्या केलेल्या तळावरचे आल्मेरे शहर आणि भरावाच्या बेटांवरचा अ‍ॅमस्टरडॅमचा आयबुर्ख हा भाग.

भरावाच्या साहित्याच्या दृष्टीने आल्मेरेची पद्धत सरस ठरते. पाणी उपसून १९६८ साली कोरड्या झालेल्या दक्षिण फ्लेव्होलँडच्या तळावर हे शहर वसले असून जमीन तळाचीच असल्याने भराव तुलनेने कमी लागला. आयबुर्खसाठी मात्र वाळू बाहेरून आणून मऊ गाळावर पातळ थरांनी पसरावी लागली, कारण एकदम ओतली असती तर गाळ बाजूला सरकला असता.

देखभालीत पारडे उलटते. आल्मेरे समुद्रसपाटीखाली असल्याने पंप कायम चालवावे लागतात आणि वाळणारी माती खचते. आयबुर्ख पाण्याच्या वर उभे आहे.

निसर्गाचा हिशेब मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्याआधी अशाच रीतीने कोरड्या केलेल्या नोर्डओस्टपोल्डर या भागालगतच्या जुन्या जमिनीतील भूजल खाली गेले, म्हणून फ्लेव्होलँड आणि किनारा यांच्यामध्ये तळी राखली गेली, आणि उद्योगांसाठी ठेवलेला सखल भाग ओस्टफार्डर्सप्लासन ही पक्ष्यांची पाणथळ झाला. आयबुर्खने उथळ जलाधिवास व्यापला. १९९७ साली या योजनेवर सार्वमतही झाले. तिथल्या खांबांना जखडलेल्या तरंगत्या घरांना मात्र भरावच लागत नाही.

उथळ, बंदिस्त पाणी, विस्तृत जागेची गरज आणि पंपांची पिढ्यानपिढ्या हमी असेल तेथे आल्मेरेचा मार्ग घ्यावा. शहरालगत थोडीच दाट वस्ती हवी असेल आणि वाळू जवळ मिळत असेल, तर आयबुर्खचा.