सुझान लेंगलेन आणि हेलन विल्स: एक सामना, दोन वाटा

१६ फेब्रुवारी १९२६ रोजी फ्रान्समधल्या कान शहरात या दोघी टेनिसपटू एकेरीत एकदाच समोरासमोर आल्या. फ्रान्सची लेंगलेन ६-३, ८-६ अशी जिंकली. खेळाची लय, नजाकत आणि चेंडू हवा तिथेच टाकण्याची हातोटी यांत ती सरस होती. अमेरिकेची विल्स ताकदीने, न हसता, न बोलता खेळायची.

पण मला खरा फरक पुढच्या निर्णयात दिसतो. त्याच वर्षी लेंगलेनने हौशी, म्हणजे पैसे न घेता खेळायचं, टेनिस सोडलं आणि अमेरिकेत पैसे घेऊन दौरा केला. तिकिटांचे पैसे संयोजकांना, खेळाडूला मात्र चषक, हे तिला पटत नव्हतं. पण तेव्हा विम्बल्डनमध्ये फक्त हौशी खेळाडूंना प्रवेश होता; तिथलं एकेरी विजेतेपद सहा वेळा मिळवणाऱ्या तिला ते दरवाजे कायमचे बंद झाले.

विल्स हौशीच राहिली: विम्बल्डन आठ वेळा, एकूण १९ मोठी एकेरी विजेतेपदं. पण ती डॉक्टरची मुलगी. बिनपैशाचं खेळणं तिला परवडणारं होतं.

आकडे विल्सच्या बाजूने आहेत. तरी मला लेंगलेनचं धाडस मोठं वाटतं. १९६८ साली विम्बल्डनने व्यावसायिकांना प्रवेश दिला, तेव्हा तिला जाऊन ३० वर्षं झाली होती.