कानात आवाज आणि कमी ऐकू येणं: श्रवणयंत्र, ध्वनियंत्र की सीबीटी?

कानात सतत शिट्टी, गुणगुण किंवा रातकिड्यांसारखी किरकिर, आणि जोडीला समोरच्याचं बोलणंही धड कळत नाही. अशा वेळी तीन पर्याय समोर येतात: श्रवणयंत्र, मंद आवाज सोडणारं ध्वनियंत्र (किंवा फोनमधलं ॲप) आणि सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी बदलण्यावर बेतलेला मानसोपचार. तिघांचं काम वेगवेगळं आहे. कानातला आवाज किती मोठा आहे यावरून निवड करायला गेलात तर हमखास चुकेल. निवड ठरते ती ऑडिओग्राम (ऐकण्याच्या तपासणीचा आलेख) काय सांगतो आणि त्या आवाजाचा त्रास किती होतो, यावर.

कर्णनादाशी, म्हणजे कानातल्या या आवाजाशी, जुळणारा आवाज चाचणीत शोधला, तर बहुतेकांच्या बाबतीत तो जेमतेम ऐकू येणाऱ्या पातळीपेक्षा फार तर १०-१५ डेसिबलच वर निघतो. तेवढ्याच आवाजाने एकाचं काही बिघडत नाही, तर दुसऱ्याची झोप उडते. म्हणून त्रास वेगळा मोजावा लागतो. त्यासाठी टीएचआय ही २५ प्रश्नांची प्रश्नावली आहे, गुण ० ते १००. १६ पर्यंत त्रास नगण्य, ३८ पासून मध्यम, ५८ पासून तीव्र. उपचाराआधी एकदा आणि तीन महिन्यांनी पुन्हा भरा. नुसतं ‘थोडं बरं वाटतंय’ यावर पुढचा निर्णय घेता येत नाही.

खरेदीच्या आधी

काही लक्षणं असतील तर यंत्राचा विचार बाजूला ठेवून आधी कानाच्या डॉक्टरांकडे जायचं. एका कानाचं ऐकू येणं काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत अचानक गेलं असेल, तर ती तातडीची बाब आहे. स्टिरॉइडचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांत होण्याची शक्यता जास्त, आणि जितकं लवकर तितकं चांगलं. ‘सर्दीने दडे बसलेत’ म्हणून वाट बघण्यात नेमका हाच काळ निघून जातो. आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल तर रक्तवाहिन्या तपासाव्या लागतात. आवाज एकाच कानात आणि त्याच कानाला कमी ऐकू येत असेल तर सहसा एमआरआय सांगतात, कारण क्वचित श्रवणाच्या नसेवर गाठ असते. ती कर्करोगाची नसते, पण माहीत असायला हवी.

कानात घट्ट बसलेला मळही आवाज आणि बहिरेपण दोन्ही आणतो. कापूस लावलेल्या काडीने तो आणखी आत ठासला जातो. औषधांची यादीही डॉक्टरांना दाखवा. ॲस्पिरिनचे मोठे डोस, जेंटामायसिनसारखी इंजेक्शनं, कर्करोगावरचं सिस्प्लॅटिन यांनी कानाला इजा होऊ शकते. मात्र कोणतंही औषध आपल्या मनाने बंद करायचं नाही.

श्रवणयंत्र: ऐकू कमी येत असेल तर पहिला मान याचाच

आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या एखाद्या पट्टीच्या (सुराच्या उंचीच्या) केसपेशी निकामी झाल्या की त्या पट्टीतला संदेश मेंदूकडे कमी पोचतो. मग मेंदू आपली संवेदनशीलता वाढवतो आणि नसलेला आवाज ऐकू यायला लागतो, असं आज सर्वसाधारणपणे मानलं जातं. म्हणून कर्णनादाची पट्टी बरेचदा ऐकणं कमी झालेल्या पट्टीतच सापडते. यंत्र ती तूट भरून काढतं. बोलणं कळतं, शिवाय आजूबाजूचे बारीकसारीक आवाज परत आल्याने कानातला आवाज मागे पडतो. यंत्र काढलं की रात्री तो पुन्हा पुढे येतो, ही मर्यादा आधीच समजून घ्या. शिट्टी ८००० हर्ट्झच्या आसपास किंवा वर असेल तर फायदा कमी, कारण तिथे यंत्राची ताकदच तोकडी पडते.

यंत्र न मानवण्याचं कारण बरेचदा जुळणीत असतं. गोंगाटाने बिघडलेल्या कानाचा नेहमीचा ऑडिओग्राम घ्या: १००० हर्ट्झपर्यंत १५-२० डेसिबल, म्हणजे ठीकठाक, आणि ४००० ला थेट ५५ (आकडा जितका मोठा, तितकं ऐकणं कमी). अशा कानात बंद डोम (डोम म्हणजे यंत्राची नळीत बसणारी मऊ टोपी; बंद म्हणजे बिनभोकाची, उघडी म्हणजे भोकांची) किंवा कानाच्या नळीत पूर्ण बसणारं छोटं यंत्र घातलं तर स्वतःचा आवाज पिंपात बोलल्यासारखा घुमतो, घास चावल्याचाही आवाज येतो आणि महिन्याभरात यंत्र कपाटात जातं. इथे कानामागे बसणारं, बारीक तारेने नळीत रिसीव्हर (छोटा स्पीकर) सोडणारं यंत्र आणि उघडा डोमच हवा. उलट सगळ्याच पट्ट्यांत ६० डेसिबलची घट असेल तर उघड्या डोममधून आवाज बाहेर निसटतो, यंत्र शिट्टी मारतं. तिथे बंद डोम किंवा कानाच्या मापाचा साचा लागतो. ‘दिसत नाही’ या एकाच गुणावर नळीतलं छोटं यंत्र निवडणं आम्हाला पटत नाही. त्यात मळ लवकर अडकतो आणि १० नंबरचा सेल आठवडाभरही पुरेल याची खात्री नसते. त्या मानाने १३ नंबरचा बराच जास्त टिकतो.

जुळणीच्या वेळी ‘रिअल इअर’ मोजणी करून मागा. कानात बारीक नळी सरकवून, बोलण्याचा आवाज ६५ डेसिबलला वाजवून, कानाच्या पडद्याजवळ नेमका किती आवाज पोचतो ते त्यात बघतात. ती न करता सॉफ्टवेअरच्या पहिल्या अंदाजावर सोडलं तर उंच पट्टीत आवाज अनेकदा कमी मिळतो, आणि कर्णनादवाल्याला गरज असते ती तिथेच. आणखी एक सांगा: गोंगाट कापणारी सोय फार कडक ठेवू नका. ती शांत खोलीतले बारीक आवाजही गिळते आणि कानातली शिट्टी उघडी पडते.

यंत्र दिवसभर वापरायचं, जेवण्यापुरतं नाही. सुरुवातीला भांड्यांचा, कागदाचा आवाज बोचतो. चार-सहा आठवडे दिल्याशिवाय निकाल लावू नये, म्हणून परत करण्याची मुदत तेवढी आहे ना, ते आधी विचारा. यंत्र अचानक मुकं झालं तर दुरुस्तीला देण्याआधी मळाची जाळी बदला. बरेचदा दोष तिथेच सापडतो. झिंक-एअर सेलचा कागद काढल्यावर दोन-तीन मिनिटं हवा लागू द्या, मग बसवा. रात्री यंत्र सिलिका जेलच्या डबीत.

ध्वनियंत्र: रात्रीसाठी, आणि ऐकणं चांगलं असलेल्यांसाठी

याने बोलणं कळत नाही, ऐकण्यातली घट भरून निघत नाही. पण ऑडिओग्राम ठीक आहे आणि त्रास झोपतानाच होतो, अशांना हे सोपं आणि पुरेसं आहे. आवाज कंटाळवाणा हवा: पाऊस, वारा, पंख्याची घरघर. गाणी किंवा गप्पा नकोत, लक्ष तिकडे जातं. पातळी शिट्टीपेक्षा किंचित खाली, दोन्ही ऐकू येतील अशी ठेवा. शिट्टी पूर्ण बुडवली तर लगेच आराम पडतो, पण मेंदूला तिची सवय होण्याची संधी मिळत नाही. इअरफोनपेक्षा उशाशी ठेवलेला स्पीकर बरा. आणि शिट्टीला घाबरून दिवसभर कानात बोळे घालू नका. शांततेत ती जास्तच ऐकू येते. बोळे खऱ्या गोंगाटासाठी राखा: ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा मानली जाते, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो.

श्रवणयंत्रातच असा आवाज असलेली मॉडेलंही असतात. त्या सोयीसाठी जादा पैसे मोजण्याआधी साध्या यंत्राने काय फरक पडतो ते बघा. टीआरटी नावाची, आवाज आणि समुपदेशन जोडणारी दीड वर्षापर्यंत चालणारी पद्धतही सुचवली जाते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत तिचा ठळक जादा फायदा दिसला नाही.

सीबीटी: आवाज तोच, त्रास कमी

त्रास कमी करण्याबाबत सर्वांत भक्कम पुरावा सीबीटीचा आहे, आणि तरीही हाच पर्याय सगळ्यात जास्त नाकारला जातो. ‘मला वेड लागलेलं नाही’ हे उत्तर ठरलेलं. वेडाचा प्रश्नच नाही. ‘हे आता कधीच थांबणार नाही’ या विचाराने धडधड वाढते, धडधडीने लक्ष पुन्हा आवाजाकडे जातं, झोप जाते, दुसऱ्या दिवशी आवाज जास्त बोचतो. हे चक्र तोडायला साधारण ६ ते १२ बैठका लागतात. ऑनलाइन कार्यक्रमांनीही फरक पडतो. शिट्टीचं मोजमाप मात्र बैठकांनंतरही तेवढंच राहू शकतं. टीएचआय ५८ च्या वर असेल तर यंत्राचा निकाल लागेपर्यंत थांबू नका, दोन्ही एकदम सुरू करा.

गोळ्या

कर्णनाद घालवणारं मान्यताप्राप्त औषध नाही. गिंको, झिंक, मेलाटोनिन यासाठी सुचवू नयेत, असं अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेची २०१४ ची मार्गदर्शिका सांगते. नैराश्य किंवा चिंतेवरची औषधं ते आजार असतील तेव्हा जरूर घ्यावीत, शिट्टीवर म्हणून नव्हे. आणि नीट जुळवलेल्या यंत्रानेही बोलणं कळत नाही इतकी घट असेल, तर चौकशी कॉक्लिअर इम्प्लांटची (शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायचं, श्रवणाच्या नसेला थेट संदेश देणारं यंत्र) करा. त्यानंतर अनेकांचा कर्णनाद कमी होतो, काही थोड्यांचा वाढतो. हे शस्त्रक्रियेआधीच सर्जनशी बोलून घ्या.