पेनाच्या नावाखाली विकलेला टचस्क्रीन लॅपटॉप

पडदा पूर्ण मागे वळवून टॅबलेटसारखा वापरता येणारा एक रिफर्बिश्ड (वापरलेला, दुरुस्त करून पुन्हा विकलेला) लॅपटॉप मी रोजच्या टिपणांसाठी मागवला. जाहिरातीत तो ‘पेनासह, लिहिण्यास तयार’ असल्याचे म्हटले होते आणि विक्रेत्याने व्हिडिओत त्या पडद्यावर झोकदार सही करूनही दाखवली होती. लबाडी त्या सहीतच होती, कारण रबरी टोकाची साधी कांडी कोणत्याही टचस्क्रीनवर रेघ ओढते. पडद्याच्या लेखी ते केवळ एक बोट असते.

खऱ्या पेनासाठी पडद्यात डिजिटायझर, म्हणजे पेनाची जागा आणि दाब ओळखणारा थर, असावा लागतो. वॅकॉम कंपनीच्या ईएमआर पद्धतीत पडद्यामागील संवेदक विद्युतचुंबकीय क्षेत्रातून पेनाला ऊर्जा पुरवतो, म्हणून त्या पेनात बॅटरी नसते. एईएस आणि मायक्रोसॉफ्टची एमपीपी या दुसऱ्या पेन-पद्धतींत मात्र पेनाला सहसा स्वतःची बॅटरी लागते. माझ्याकडे आलेल्या पेनात ना बॅटरी होती, ना कसले बटण, त्यामुळे ते ईएमआरचे असावे असा विक्रेत्याचा दावा वरकरणी पटण्याजोगा होता. पण पडद्यावर तळहात टेकताच पानभर ठिपके उमटत, कितीही दाबले तरी रेघेची जाडी बदलत नसे, आणि पेन पडद्याच्या किंचित वर धरल्यावर जो बारीक ठिपका दिसायला हवा, तो दिसतच नव्हता. विंडोजच्या सेटिंग्जमधील ‘सिस्टीम’ आणि त्याखालील ‘अबाउट’ उघडल्यावर ‘पेन अँड टच’ या ओळीत १० बोटांच्या स्पर्शाची नोंद होती, पेनाची नव्हती.

काही मॉडेल्स डिजिटायझरसह आणि त्याविना अशा दोन्ही रूपांत विकली जातात, त्यामुळे नुसत्या नावावरून काही सिद्ध होत नाही. उत्पादकाच्या संकेतस्थळावर अनुक्रमांक टाकून पाहिले, तर हे यंत्र मुळात पेनाच्या सोयीचेच निघाले. म्हणजे मधल्या काळात कोणीतरी पडदा बदलून तेथे डिजिटायझर नसलेला पडदा बसवला होता.

तक्रार केल्यावर विक्रेता अत्यंत नम्रपणे बोलला, आणि ती नम्रताच महागात पडली. आधी त्याने ड्रायव्हर (यंत्राचा भाग चालवणारी आज्ञावली) नव्याने टाकण्यास सांगितले, मग विंडोज अद्ययावत करण्यास, त्यानंतर दुसरे पेन पाठवतो म्हणून थांबण्यास. हे सारे फोनवर, लेखी काहीच नाही. जो भागच यंत्रात नाही, तो कोणताही ड्रायव्हर निर्माण करू शकत नाही, हे त्याला ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही. परतीची मुदत उलटताच त्याचे उत्तर आले, की जाहिरातीत पेन देण्याचे कबूल केले होते आणि पेन दिले आहे.

असा लॅपटॉप घेणाऱ्याने पैसे देण्याआधी ‘अबाउट’मधील त्या ओळीचे छायाचित्र अनुक्रमांकासह मागावे, आणि तळहात टेकवून, दाब कमीजास्त करत लिहिल्याचा व्हिडिओही मागावा. यंत्र खरे असेल तर विक्रेत्याला यासाठी काही मिनिटेच लागतील. तक्रार करावी लागलीच, तर ती पहिल्या दिवसापासून लेखी करावी आणि विक्रेता उपाय सुचवत असला तरी परतीचा अर्ज मुदतीतच दाखल करावा.