विद्यापीठाची लायब्ररी की पेठेतलं वाचनालय? पुण्यातल्या, विद्यापीठाबाहेरच्या वाचकासाठी

कॉलेज सुटून बरीच वर्षं झालीत, नोकरी वेगळ्याच क्षेत्रात, पण एखादा विषय नीट धरून वाचायचाय, मग पुण्यात नाव कुठे नोंदवायचं हे बरेच जण विचारतात.

पुणे विद्यापीठापासून सुरू करू. गणेशखिंडीतलं जयकर ग्रंथालय, पहिले कुलगुरू मुकुंदराव जयकरांच्या नावाचं. संदर्भग्रंथ, जर्नल्सचे जुने बांधीव खंड, प्रबंध असं सगळं एका छपराखाली शहरात दुसरीकडे मिळणं अवघड. पण आपल्याकडच्या विद्यापीठांच्या लायब्ररीत बाहेरच्या माणसाला साधारणपणे ओळखपत्र दाखवा, कुणाचं तरी शिफारसपत्र आणा, इथेच बसून वाचा असं सांगतात, आणि पुस्तक घरी नेणं जवळपास विसराच. नियम आणि फी जागोजागी वेगळी आहे, बदलतही राहते, त्यामुळे आधी फोन करूनच जा.

मला खरा राग याचा येतो की सरकारी विद्यापीठाची जमीन, पगार, पुस्तकं यातला मोठा वाटा आपल्याच करातून येतो. विद्यापीठं-कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात ‘विस्तार’, म्हणजे समाजासाठी केलेलं काम, हेही मोजतात, मग गावं दत्तक घेतली, स्वच्छता मोहीम काढली असे फोटो अहवालात जातात, आणि शेजारच्या कॉलनीतल्या निवृत्त शिक्षिकेला मात्र गेटवर विचारतात की तुमचं इथे काम काय? वाचायचंय, हे काम नाही का? डिजिटलमध्ये तर अजूनच वाईट. देशभरासाठी जर्नल्सची एकत्र वर्गणी भरणाऱ्या केंद्र सरकारच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मंजुरी मिळाली, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, हजारो जर्नल्स, पण ती सरकारी शिक्षणसंस्था आणि संशोधनसंस्थांसाठी. तुमच्या आमच्या पैशाने घेतलेला लेख आपण घरून उघडला की पुन्हा पैसे मागतो.

आता पुणे नगर वाचन मंदिर, १८४८ सालचं, किंवा नारायण पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालय. इथे अनामत आणि वर्गणी भरली की तुम्ही सभासद, कोणत्या डिपार्टमेंटचे हे कुणी विचारत नाही आणि पुस्तक घरी येतं. कादंबऱ्या, चरित्रं, इतिहास, दिवाळी अंक भरपूर. संशोधनाची जर्नल्स मात्र इथे शोधू नका. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली राज्यातल्या वाचनालयांना मिळणारं अनुदान तुटपुंजं आहे, आणि तरी सामान्य माणसाला दार उघडं ठेवायचं काम हीच वाचनालयं करतात, याचं मला फार कौतुक वाटतं.

विषय पक्का असेल तर मधला रस्ताही आहे. अर्थशास्त्र, जनगणना, जुने सरकारी अहवाल हवे असतील तर गोखले इन्स्टिट्यूटचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय, संस्कृत, प्राकृत, हस्तलिखितं असतील तर भांडारकर प्राच्यविद्या संस्था, तिथेही आधी चौकशी करूनच जा.

आणि पैसे भरण्याआधी फुकटचं बघून घ्या. शोधगंगा या वेबसाइटवर देशभरातले पीएचडी प्रबंध आहेत, मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे, साहित्य संस्कृती मंडळाची बरीच पुस्तकं पीडीएफमध्ये मिळतात. प्रबंधाच्या शेवटची संदर्भसूची वाचली की कोणत्या पुस्तकांसाठी लायब्ररी गाठायची ते कळतं आणि हेलपाटे वाचतात.

माझं मत विचाराल तर रोजच्या वाचनासाठी पेठेतलं वाचनालयच घ्या, डोळे झाकून. विद्यापीठात यादी हातात धरून एखाददोन दिवस जा, त्याच्या वार्षिक सभासदत्वावर (मिळत असेल तरी) पैसे घालण्यात नोकरदार माणसाला अर्थ नाही, कारण पुस्तक घरी येत नसेल तर दिवसभर तिथे जाऊन बसणार कोण?

आणि कुठल्याही सरकारी विद्यापीठात नकार मिळाला तर तो लेखी मागा. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे लोकांसाठी वाचनकक्ष किंवा ग्रंथालय असेल तर त्याच्या वेळा संस्थेने स्वतःहून जाहीर करायच्या असतात. वेबसाइटवर काहीच सापडलं नाही तर माहिती अधिकारात अर्ज टाका आणि बाहेरच्या वाचकांसाठीच्या नियमांची प्रत मागून घ्या.