‘पॅलेस आज बंद आहे’: बँकॉकच्या वीस बाथच्या टुकटुकचा खरा हिशेब

बँकॉकच्या ग्रँड पॅलेसच्या पांढऱ्या भिंतीलगत इस्त्रीच्या शर्टातल्या, गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या माणसाने थांबवून ‘आज बंद आहे’ असं सांगितलं, तर तो खोटं बोलतोय. एवढं लक्षात राहिलं तरी पुढचं सगळं, वीस बाथच्या टुकटुकपासून नीलम-माणकांच्या दुकानातल्या फसवणुकीपर्यंत, टळतं. पण ते राहत नाही, कारण हा माणूस ओरडत नाही, हात धरत नाही आणि काही विकतही नाही. दादर स्टेशनबाहेरच्या टॅक्सीवाल्यांना पुरून उरणारी आपली माणसं इथे अलगद सापडतात. विकायला आलेला माणूस त्यांना लांबून ओळखू येतो, हा येत नाही.

पॅलेस रोज उघडा असतो. तिकीटविक्री सकाळी साडेआठ ते दुपारी साडेतीन, परदेशी माणसाला तिकीट ५०० बाथ. राजघराण्याच्या मोठ्या समारंभासाठी क्वचित कधी दर्शन थांबतं, पण त्याची सूचना पॅलेसच्या अधिकृत संकेतस्थळावर आधी लागते. ती रस्त्यावरच्या गृहस्थाकडून कळत नाही.

मग एवढी साधी थाप पचते कशी? जागेमुळे. पॅलेसच्या चारही बाजूंच्या भिंती मिळून १९०० मीटर भरतात आणि पर्यटकांनी आत शिरायचं ते उत्तरेकडून, ना फ्रा लान रस्त्यावरून. सनम चाय मेट्रो स्टेशनला उतरलेला माणूस मात्र दक्षिणेकडून येतो. वाट फो मंदिर मागे टाकून तो भिंतीपाशी पोचतो, तेव्हा त्याला आधी दिसतात ते नेहमीच बंद असणारे दरवाजे. दलाल नेमके तिथे उभे असतात. ‘बंद आहे’ म्हणत ते दरवाजाकडे बोट दाखवतात आणि दरवाजा खरोखर बंद असतो.

सोबतीला कारण असतं. ‘सकाळी फक्त थाई लोकांची पूजा, परदेशी लोकांना एकनंतर सोडतात.’ किंवा ‘आज बौद्धांचा सण.’ थायलंडमध्ये चंद्राच्या तिथीप्रमाणे महिन्यातून चारेक वेळा ‘वान फ्रा’ येतो, त्या दिवशी लोक देवळात जातात. तिथी आणि एकादशी पाळणाऱ्या आपल्या लोकांना हे कारण चटकन पटतं. पण वान फ्राला देवळं बंद होत नाहीत, उलट गर्दी वाढते. तिसरं कारण अर्धं खरं असतं: ‘या हाफपँटवर आत सोडणार नाहीत.’ गुडघे आणि खांदे झाकलेले हवेत, हे बरोबर आहे. त्यावरचा उपाय मात्र दिवसभर गावभर फिरणं हा नाही. हत्तींच्या नक्षीची सैल पँट आसपासच्या दुकानांत शे-दोनशे बाथला मिळते, ती तिथेच चढवायची.

यानंतर तो तुमच्याच नकाशावर पेनाने दोन-तीन गोल काढतो. बत्तीस मीटर उंच उभ्या बुद्धाचं वाट इंतरविहान, संगमरवरी मंदिर आणि एक ‘लकी बुद्ध’. पहिली दोन देवळं खरी आहेत, बघण्यासारखीही आहेत. तिसरं म्हणजे बहुधा एखादं निवांत, रिकामं देऊळ. ‘तोवर हे बघून या, एक वाजता पॅलेस उघडेल. टुकटुकला वीस बाथच्या वर देऊ नका.’ एवढ्यात एक टुकटुक, म्हणजे तिथली तीनचाकी रिक्षा, शेजारी येऊन थांबते. ही ‘सरकारी’ आहे, नंबरप्लेटच्या रंगावरून ओळखायची, अशी पुस्ती जोडली जाते. सरकारी टुकटुक असा प्रकार थायलंडमध्ये नाही.

इथे जरा गणित करावं. मध्य बँकॉकमध्ये टुकटुकवाला पर्यटकाकडून दोन किलोमीटरला सुद्धा सहज ऐंशी-शंभर बाथ मागतो. तो तीन तास वीस बाथमध्ये, म्हणजे आपल्या पन्नास-साठ रुपयांत फिरवणार असेल, तर उरलेलं भाडं दुसरं कुणीतरी भरतंय. ते दुकानदार भरतो. गिऱ्हाईक दाराच्या आत आणलं की ड्रायव्हरला गाडीच्या गॅसचं कुपन मिळतं, खरेदी झाली तर वर टक्केवारी. काही ड्रायव्हर हे उघडपणे सांगतात: ‘दहा मिनिटं नुसते आत जा, काही घेऊ नका, मला कुपन मिळेल.’ तुलनेने हे प्रामाणिक प्रकरण. जो हे सांगतच नाही, त्याच्या गाडीत जास्त सावध बसावं.

खरी कारागिरी देवळात दिसते. निवांत देवळात एक सभ्य गृहस्थ भेटतो. कधी तो सुट्टीवरचा सरकारी नोकर असतो, कधी वकील, कधी सिंगापूरला राहणारा आणि लग्नाआधी पाया पडायला आलेला थाई तरुण. तो मुंबईबद्दल विचारतो, क्रिकेटचा विषय काढतो. दहा मिनिटांनी सहज म्हणतो, ‘आज सरकारी एक्स्पोर्ट सेंटरचा शेवटचा दिवस ना? वर्षातून एकदाच कर माफ असतो. मी मागच्या वेळी नीलम घेतले, परदेशात विकले, प्रवासाचा खर्च निघाला.’ आणि तो निघून जातो. पुढे टुकटुकवाला त्याच सेंटरचं नाव घेतो. दुकानात एखादा गोरा किंवा भारतीय ‘पर्यटक’ मोठी खरेदी करून पावती घडी करत असतो.

म्हणजे भिंतीपाशी एक, देवळात एक, गाडीत एक, दुकानात एक. हे चौघे एकमेकांना ओळखत नाहीत असं वाटतं, म्हणून त्यांचं बोलणं जुळलं की ते खरं वाटतं. ही फसवणूक दगडाची कमी आणि साक्षीदारांची जास्त आहे. प्रत्येकजण एक छोटंसं खोटं बोलतो, ‘विकत घ्या’ असं मात्र शेवटच्या टेबलापर्यंत कुणीही म्हणत नाही. तुम्हाला हा शोध तुमचाच वाटतो.

दुकान चकचकीत असतं. थंड पेय येतं, भिंतीवर राजमुद्रेसारखं काहीतरी, काउंटरवर भिंग आणि दिवे. नीलमाने काच खरवडून दाखवतात. लायटरची ज्योत लावून ‘बघा, काही होत नाही’ म्हणतात. कधी खड्याला सुई टेकवून मशीन लावतात. या चाचण्या खोट्या नसतात, निरुपयोगी असतात. नीलम आणि माणिक ही दोन्ही कुरुंद या खनिजाची रूपं, कठीणपणा दहापैकी ९. प्रयोगशाळेत बनवलेलं कुरुंदही रासायनिकदृष्ट्या तेच, त्याचाही कठीणपणा ९. ते काच खरवडतं, ज्योतीला टिकतं आणि मशीनवर तोच आकडा दाखवतं. भट्टीत वितळवून खडे करायची ही पद्धत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून चालू आहे. फरक दिसतो तो सूक्ष्मदर्शकाखाली: कृत्रिम खड्यात वाढीच्या रेषा वक्र असतात, नैसर्गिक खड्यात सरळ किंवा कोनात. शिशाची काच भरलेल्या माणकात हवेचे बुडबुडे आणि निळी झाक दिसते. काउंटरवर पाच मिनिटांत हे आपल्याला ओळखता येणार नाही, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

बहुतेक वेळा मात्र खडा कृत्रिम नसतोच. तो खरा नीलम असतो, फक्त काळपट, ढगाळ, हलक्या प्रतीचा. असा माल व्यापारात कॅरेटला काही शे ते हजार-दोन हजार रुपयांत मिळतो, इथे तो कितीतरी पट भावाने गळ्यात मारला जातो. आपल्या लोकांच्या बाबतीत शनी मदतीला धावून येतो. साडेसातीसाठी नीलम हवा, तोही बिनतापवलेला, असं कुणीतरी सांगितलेलं असतं. दुकानदार ‘अनहीटेड’ असं तोंडी सांगतो, पावतीवर नुसतं ‘ब्लू सफायर’ आणि वजन लिहितो. नीलम तापवून रंग सुधारणं ही जगभर मान्य प्रक्रिया आहे, थायलंडमधलं चांथाबुरी तर त्या कामासाठीच ओळखलं जातं. प्रश्न तापवण्याचा नाही, तोंडी आणि लेखी यांत पडलेल्या अंतराचा आहे.

‘झवेरी बाजारात दुप्पट भाव मिळेल’ हे वाक्य ऐकलंत की उठावं. झवेरी बाजारातले आणि जयपूरचे व्यापारी थायलंडशी रोज व्यवहार करतात. त्यांना जो माल तिथे स्वस्त मिळतो तो तुमच्याकडून महाग कशाला घेतील? शिवाय विकण्यासाठी आणलेला माल वैयक्तिक सामानाच्या सवलतीत बसत नाही, ती कस्टम्सची कटकट वेगळीच.

पैसे देतानाच्या दोन गोष्टी ओळखून ठेवाव्यात. पहिली: ‘खडे सोबत नेऊ नका, विमानतळावर कर लागेल, आम्ही पोस्टाने तुमच्या घरी पाठवतो.’ पार्सल खरंच पाठवतात, पत्ता बरोबर असतो, खडेही येतात. हेतू इतकाच, की शंका आली त्या संध्याकाळी परत करायला तुमच्या हातात माल नसावा. दुसरी: कार्ड स्वतःच्या दुकानात न चालवता तुम्हाला शेजारच्या सोन्याच्या पेढीत नेतात, तिथे कार्डावर सोनं घ्यायला लावतात आणि ते सोनं देऊन खडे घ्यायला सांगतात. कार्डाच्या हिशेबात तुम्ही सोनं घेतलं, सोनं अस्सल होतं, भाव बाजाराचा होता. बँकेकडे तक्रार करायची ती कशाची?

पोलीस हतबल दिसतात त्यामागचं कारणही हेच. नीलम म्हणून नीलम दिला, वजन बरोबर दिलं, तर जास्त भाव लावणं हा फौजदारी गुन्हा म्हणून उभा करणं कठीण जातं. तरीही लगेच हालचाल केली तर फरक पडतो. टुरिस्ट पोलिसांचा क्रमांक ११५५, इंग्रजीत बोलता येतं. दुकानाचा फोटो, पावती, कार्डाची स्लिप आणि खडे घेऊन, थायलंड सोडण्याआधी त्यांच्यामार्फत दुकानात परत जावं. पोलीस मध्ये असले की काही रक्कम कापून घेऊन बाकीची परत करायला दुकानदार अनेकदा तयार होतो. सगळी मिळवण्याच्या हट्टापायी विमान चुकवायचं की नाही, हे रक्कम बघून ठरवावं. पार्सल पाठवून झालं असेल तर पोस्टाच्या पावतीवरचा ट्रॅकिंग क्रमांक हाताशी ठेवावा.

घरी परतल्यावर कळलं, तर रस्ता अरुंद होतो. बँकेकडे ‘हा व्यवहार मी केलाच नाही’ अशी तक्रार करू नये. सही किंवा पिन तुमचाच असतो, तक्रार टिकत नाही. ‘वर्णनाप्रमाणे माल मिळाला नाही’ या सदरात वाद नोंदवावा आणि सोबत स्वतंत्र प्रयोगशाळेचा अहवाल जोडावा. मुंबईत जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाच्या प्रयोगशाळेत खडे तपासून मिळतात. दुकानाच्या स्वतःच्या ‘लॅब’चं प्रमाणपत्र यात चालत नाही. तिथे असतानाच खरोखर खडा घ्यायचा असेल, तर सिलोम रस्त्यावर थायलंडची जेम अँड ज्वेलरी इन्स्टिट्यूट आहे. अहवाल तिथून येईल, मग पैसे देतो, असं दुकानदाराला म्हणून बघावं. ‘आज शेवटचा दिवस’ असलेलं दुकान यावर गप्प होतं.

याच टुकटुकच्या फेरीत शिंप्याचं दुकानही येतं. चोवीस तासांत सूट, दोन शर्ट फुकट. एकदाही अंगावर घालून न बघता शिवलेला सूट नीट बसत नाही आणि काश्मिरी लोकर म्हणून दाखवलेल्या कापडात पॉलिस्टर निघतं. नुकसान मात्र खड्यांच्या मानाने चिल्लर. बोटीचा प्रकारही तसाच: ‘पॅलेस बंद’ म्हणून भलत्याच धक्क्यावर नेतात आणि लांबशेपटी बोटीचे हजार-दीड हजार बाथ मागतात. थाटियन धक्क्यावरून समोरच्या वाट अरुण मंदिराकडे नेणारी साधी बोट तर पाच बाथ घेते.

पॅलेसला जायची सोपी वाट नदीतून आहे. बीटीएस या उन्नत रेल्वेने सफान ताक्सिन स्टेशन, खाली उतरलं की साथोर्न धक्का, तिथून नारिंगी झेंड्याची बोट, १६ बाथ, था चांग धक्क्याला उतरायचं. तिथून पाचेक मिनिटं चालत ना फ्रा लान रस्ता. या वाटेने आलात की बंद दरवाजे मध्ये येतच नाहीत. कुणी आडवं आलंच तर उत्तर न देता चालत राहावं. थाई माणूस अनोळखी पर्यटकाला सहसा स्वतःहून रस्त्यात थांबवत नाही, त्यामुळे उद्धटपणा वाटेल याची फार काळजी नको. दरवाजापाशी अनोळखी माणसांवर विश्वास ठेवू नका असं सांगणारे फलक दिसतील. तिकीट फक्त आतल्या खिडकीवर घ्यावं.

आत वाट फ्रा केव मंदिरात पाचूचा बुद्ध आहे, जेमतेम ६६ सेंटीमीटर उंच, सोन्याच्या वस्त्रांत. नाव पाचूचं असलं तरी मूर्ती पाचूची नाही, दुसऱ्याच हिरव्या दगडाची आहे. निदान तो दगड तिथे कुणी विकायला काढलेला नाही.