फुल सिंथेटिक ऑइल, वर्षभर वापरून: ऑइल चांगलं, डबा भिकार

सर्व्हिसिंगला बाइक दिली आणि जॉब कार्डवर 'इंजिन कोटिंग, ३५० रु.' अशी ओळ दिसली. मी काही सांगितलं नव्हतं. काउंटरवरचा पोरगा म्हणे, "सर, आतून थर बसतो, घर्षण निम्मं होतं." म्हटलं, पिस्टन बाहेर काढणार का? नाही. मग थर बसवणार कशावर? तर बाटली ऑइलमध्ये ओतायची, झालं! हुज्जत घालून ओळ खोडायला लावली आणि गाडी थेट नानांच्या गॅरेजला नेली.

खरं कोटिंग कारखान्यातच होतं. पिस्टनच्या स्कर्टवरचा, म्हणजे खालच्या घेरावरचा, काळसर थर ग्राफाइटचा नाहीतर मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा असतो; कोऱ्या, स्वच्छ धातूवर लावून तो भाजतात. काही गाड्यांच्या सिलिंडरला आतून निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा मुलामा असतो. काजळीने काळ्या झालेल्या ऑइलमधून टेफ्लॉनची पूड फिरवून हे होत नाही. अमेरिकेत १९९६-९७ साली फेडरल ट्रेड कमिशनने अशाच एका टेफ्लॉनवाल्या बाटलीचे दावे बिनपुराव्याचे असल्याचा आरोप ठेवून ते थांबवायला लावले होते. आपल्याकडे ती जात अजून साडेतीनशेला खपते.

आता ऑइलबद्दल. गाडी १५० सीसी, एअरकूल्ड. आधी साधं मिनरल, आता १०डब्ल्यू-४० फुल सिंथेटिक. ब्रँड लिहीत नाही, ग्रेड आणि मार्क बघून घ्या.

पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर दोनच स्टार दिले असते. पैसे दुपटीच्या आसपास आणि ॲव्हरेज होतं तिथंच. मग मे आला. चाळीसगावची दुपार, मागे सौ., वर कन्नडचा घाट. जुन्या ऑइलवर घाट चढला की गिअर अडायचे, न्यूट्रल सापडायचा नाही. या वेळी तो त्रासच झाला नाही. शिवाय ऑइलची पातळी पूर्वीसारखी खाली जात नाही. तेव्हापासून माझं मत फिरलं.

घाटाचं सोडा, खरा फायदा सकाळी सेल्फ मारल्यावर असतो; थंड इंजिनात हे ऑइल वर हेडपर्यंत लवकर पोचतं. इंजिन पळत असताना क्रँकच्या बेअरिंगमध्ये ऑइलची फिल्म धातूला धातू लागू देत नाही. पण पिस्टन वर-खाली टोकाला क्षणभर थांबतो तिथे, आणि व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅम-टॅपेटवर, ही फिल्म तुटते. तिथे ऑइलमधलं जस्त-फॉस्फरसचं ॲडिटिव्ह कामाला येतं. दाब आणि उष्णता मिळाली की त्याचा काचेसारखा थर धातूवर तयार होतो. जाडी साधारण १०० नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या शेकडोपट पातळ. धातूऐवजी हा थर झिजतो आणि पुन्हा बनतो. म्हणजे कोटिंग हवंच असेल तर ते ऑइलच्या किमतीत आलेलंच आहे!

"उन्हाळ्यात २०डब्ल्यू-५० टाक, घट्ट पाहिजे" हा आपल्याकडचा लाडका सल्ला. भाऊ, डब्ल्यूनंतरचा आकडा म्हणजे ऑइलचा घट्टपणा, आणि तो १०० अंशाला मोजतात. भुसावळला ४६ असो की धुळ्याला डिसेंबरात ७, इंजिन तापल्यावर आतला मामला वेगळाच. उगाच घट्ट ऑइल थंडीत हेडपर्यंत उशिरा पोचतं आणि घुसळायला ताकद खातं. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तोच ग्रेड घ्या.

आणि डब्यावरचा मार्क जासो (बाइकच्या ऑइलचं जपानी मानक) एमए किंवा एमए२च बघा. बाइकचा क्लच याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, त्याला घर्षण पाहिजेच. मेहुण्याने कारचं उरलेलं ऑइल बाइकमध्ये ओतलं. तो एनर्जी कन्झर्व्हिंगवाला जास्तच गुळगुळीत माल. क्लच घसरायला लागला; घाटात इंजिन ओरडतंय आणि गाडी जागेवर. नानांनी डबा बघितला आणि एवढंच म्हणाले, "हाई चारचाकीनं तेल शे, भाऊ." एमबी मार्क स्कूटरसाठी, तिचा क्लच कोरडा.

आता माझं मुख्य दुखणं. ऑइल बदलताना इंजिनात लागतं १.१ लिटर. डबा येतो एक लिटरचा. का? कोणासाठी? १०० मिलीसाठी पूर्ण नवा डबा फोडायचा! नाना म्हणतात, डिपस्टिकच्या दोन खुणांच्या मध्ये आहे ना, मग सोड. मला ते झोपू देत नाही. म्हणून जादा डबा घेतला. हिशोब केला तर त्यातलं उरलेलं ९०० मिली नऊ वेळा पुरेल; तोवर गाडी नातू चालवत असेल. झाकण घट्ट लावून डबा माळ्यावर ठेवलाय. घरात रोज त्यावरून ऐकतो, कारण शेजारी पापडाचा डबा आहे. डीलरला विचारलं तर म्हणे, सुटं ड्रममधलं टाकतो की १०० मिली. छापील ग्रेड नाही, मार्क नाही, असं पाणी माझ्या इंजिनात? नको.

ऑइल बदलायचा पल्ला सिंथेटिक आहे म्हणून वाढवलेला नाही. कापसाच्या हंगामात कच्च्या रस्त्याची धूळ एअर फिल्टरमध्ये किती बसते ते उघडून बघा. धुळीतली वाळू लोखंडापेक्षा कठीण. फिल्टर फाटका असेल तर कितीही महागाचं ऑइल बोअर वाचवणार नाही.

पाचपैकी साडेतीन. १.१ लिटरचा डबा काढा, अर्धा लगेच वाढवतो.