बॉनेटखालची सफाई: घरी कोरडी, घरी ओली की वॉशिंग सेंटरवर प्रेशरने?

पावसाळा सरल्यावर बॉनेट उघडले की आत चिखलाचे वाळलेले शिंतोडे, कुजलेली पाने आणि मातीचा थर दिसतो. खंडेनवमीला किंवा दसऱ्याला वाहनाची पूजा करायची म्हणून पुष्कळ जण त्याच सुमारास इंजिन धुण्याचा विचार करतात. त्यांच्यापुढे साधारणपणे चार मार्ग असतात: ब्रश, ब्लोअर आणि ओलसर फडका वापरून केलेली कोरडी सफाई, नळीच्या संथ पाण्याने केलेली ओली सफाई, वॉशिंग सेंटरवरचे प्रेशर वॉशिंग, आणि काही गॅरेजांत अजूनही मारला जाणारा डिझेलचा किंवा रॉकेलचा फवारा. माझे मत असे की रोजच्या वापरातल्या बहुतेक खाजगी गाड्यांना पहिला मार्ग पुरेसा असतो, दुसरा क्वचित लागतो आणि उरलेले दोन टाळावेत.

निवड करण्यापूर्वी घाण कोणत्या जातीची आहे हे पाहावे. बोटाला कोरडी माती लागली तर पाण्याची गरज नाही. बोट काळे आणि चिकट झाले, तर तेल कुठून येते हे धुण्याच्या आधी शोधावे. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, पॅकिंगमधून तेल झिरपत असेल, तर त्याचा ओघळ हाच मेकॅनिकसाठी मुख्य पुरावा असतो आणि धुण्यात तो नाहीसा होतो. म्हणून आधी मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढावेत.

कोरड्या सफाईला साधारण तासभर लागतो. इंजिन पूर्ण थंड असावे आणि किल्ली गाडीपासून दूर ठेवावी, कारण काही गाड्यांत रेडिएटरचा पंखा इंजिन बंद केल्यानंतरही अचानक फिरू लागतो. काचेखालच्या जाळीतली पाने आधी हाताने काढावीत. ती तशीच राहिली तर पाण्याचा निचरा तुंबतो. मग मऊ केसांच्या रुंद ब्रशने वरून खाली माती सैल करावी आणि ब्लोअरने उडवावी. रेडिएटरच्या पातळ पात्या सहज वाकतात, म्हणून तिथे ब्रश हलका आणि पात्यांच्या दिशेने फिरवावा. राहिलेल्या डागांसाठी एक भाग क्लीनर आणि दहा भाग पाणी असे मिश्रण फडक्यावर घेऊन पुसावे. ते थेट इंजिनावर फवारू नये. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-निळी पूड साचली असेल, तर आधी ऋण आणि मग धन तार सोडवावी, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने टर्मिनल पुसून कोरडे करावे आणि जोडताना ऋण तार शेवटी लावावी. या पद्धतीने जुना तेलकट थर पूर्ण जात नाही, पण तिच्यामुळे इलेक्ट्रिकल बिघाड होण्याची शक्यता अगदी कमी असते.

तेलाचा थर जाड असेल आणि गळती दुरुस्त झाली असेल, तर ओली सफाई करायला हरकत नाही. अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा जनित्र), फ्यूज बॉक्स, इसीयू (इंजिन नियंत्रित करणारा संगणक), इग्निशन कॉइल (स्पार्क प्लगला वीज पुरवणारा भाग) आणि एअर फिल्टरचे तोंड प्लास्टिकच्या पिशव्यांनी नीट झाकावे. डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) आणि ऑइलचे झाकण घट्ट बसले आहे ना, हे तपासावे. इंजिन कोमट झालेलेही चालेल, पण तापलेल्या मॅनिफोल्डवर (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांवर) गार पाणी पडले तर धातूला तडा जाऊ शकतो आणि क्लीनरही काम करण्याआधीच वाळून जातो. डिग्रीझर, म्हणजे तेलकटपणा काढणारा क्लीनर, तीन-चार मिनिटे ठेवून ब्रशने घासावे आणि संथ धारेने, शक्य तितक्या कमी पाण्यात धुवावे. नंतर पिशव्या काढून, सांधे ब्लोअरने वाळवून, बॉनेट उघडे ठेवून इंजिन दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवावे. तेलमिश्रित पाणी सोसायटीच्या विहिरीकडे किंवा बागेकडे वाहू देऊ नये, ही काळजी मला इंजिनाच्या काळजीइतकीच महत्त्वाची वाटते.

प्रेशर वॉशिंगच्या बाजूने नेहमी सांगितले जाते की आजच्या गाड्यांचे कनेक्टर जलरोधक असतात. हे अर्धेच खरे आहे. आयपी ६७ (धूळ आणि पाण्यापासून संरक्षणाचे मानांकन) दर्जाचा कनेक्टर एक मीटर खोल साध्या पाण्यात अर्धा तास टिकतो. जवळून मारलेल्या जोरदार धारेची चाचणी वेगळी असते आणि तिचा दर्जाही वेगळा. दहा मीटर उंचीच्या टाकीतून नळाला येणाऱ्या पाण्याचा दाब साधारण १ बार (दाबाचे एकक) असतो, तर घरगुती प्रेशर वॉशरही १०० बारच्या आसपास दाब देतो. शिवाय गाडी जुनी होत जाते तशी रबरी सीलेही कडक होतात. माझी दहा वर्षांची पेट्रोल गाडी असेच धुऊन घेतल्यावर मिसिंग करू लागली, म्हणजे अडखळत चालू लागली, आणि चेक इंजिनचा दिवा लागला. कॉइल काढल्यावर स्पार्क प्लगच्या खळग्यात पाणी साचलेले दिसले आणि एक कॉइल बदलावी लागली.

डिझेल किंवा रॉकेल तेलाचा थर झटपट विरघळवते, म्हणून ते लोकप्रिय झाले. पण कूलंटचे होज बहुधा ज्या ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचे असतात, ते खनिज तेलाने फुगते आणि मऊ पडते; बेल्टलाही ते हानिकारक असते. मागे राहणाऱ्या तेलकट पापुद्र्यावर नवी धूळ लवकर चिकटते आणि तापणाऱ्या भागांजवळ ज्वलनशील द्रव फवारणे हा उघड धोका आहे. वरून मारली जाणारी चकाकी आणणारी पॉलिश तर केवळ दिसण्यासाठी असते; हवीच असेल तर पाण्यावर आधारित निवडावी आणि बेल्टपासून दूर ठेवावी.

काही गाड्यांबाबत मात्र निवडीला वाव नाही. बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या गाडीत जादा वायरिंगचे जोड उघड्यावर असू शकतात, म्हणून तिथे कोरडीच सफाई करावी. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी रंगाच्या उच्च व्होल्टेजच्या तारा दिसतात. त्यांना आणि त्यांच्या जोडांना हात लावू नये, आणि तो भाग पाण्याने धुऊ नये. उंदरांच्या लेंड्या किंवा घरटे आढळले तर ब्लोअर आणि कोरडा ब्रश दोन्ही बाजूला ठेवावेत, कारण त्यांनी दूषित धूळ हवेत उडते, आणि उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. अशा वेळी हातमोजे व मास्क घालून ती जागा जंतुनाशकाने ओलसर करावी, कागदाने टिपून पिशवीत बंद करावी आणि गाडी चालू करण्यापूर्वी जवळच्या वायरी कुरतडलेल्या नाहीत ना, हे टॉर्चच्या उजेडात पाहावे.